साल्वादोरच्या परिषदेत नाशिकचं शरणपूर मांडायचं आहे, तयारी कशी करावी?

गोदाकाठ:

नमस्कार मंडळी. ब्राझीलच्या बाहिया राज्यात, साल्वादोर शहरात, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आफ्रिकी डायस्पोरातील (आफ्रिकेबाहेर विखुरलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांतील) धर्म आणि वंश या विषयावर चार दिवसांची आंतरराष्ट्रीय परिषद आहे. माझा गोषवारा मंजूर झाला आहे. विषय नाशिकच्या शरणपूरचा. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमाराने गुलामवाहू गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं, चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूरला त्यांच्यासाठी चालवलेलं ‘आफ्रिकन असायलम’ म्हणजे आश्रयगृह, आणि तिथून केनियातल्या मोंबासाजवळच्या फ्रियर टाउनला गेलेले ‘बाँबे आफ्रिकन्स’. पेपर वाचायला वीस मिनिटं आहेत.

आता अडचणी. तिथले बहुतेक श्रोते अटलांटिकवर काम करणारे. त्यांना नाशिक कुठून कळावं? दुसरं, व्हिसा आणि लशीबद्दल प्रत्येक जण वेगळं सांगतो. तिसरं, नोंदणी शुल्काच्या फॉर्ममध्ये ‘सीपीएफ’ नावाचा क्रमांक मागतात आणि तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. चौथं, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एका कांदोम्ब्ले तेरेइरोला, म्हणजे ब्राझीलमधल्या आफ्रिकी मुळाच्या धर्माच्या देवस्थानाला, भेट आहे. तिथे कसं वागायचं, काय घालायचं, काय लिहून घ्यायचं? पोर्तुगीज जेमतेम वाचता येतं, बोलता येत नाही.

बंदरवाट:

कागदपत्रांचं सांगतो, पेपरचं इथले जाणकार सांगतील.

पहिलं काम पिवळ्या तापाची लस. ब्राझीलमध्ये शिरताना लशीचं कार्ड सहसा मागत नाहीत, म्हणून लोक गाफील राहतात. खरी अडचण परतताना येते. पिवळ्या तापाच्या देशांच्या आपल्या यादीत ब्राझील आहे, आणि वैध दाखला नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. विमान कंपनीही चढतानाच कार्ड मागू शकते. एक डोस पुरतो, दाखला आयुष्यभर चालतो, पण तो वैध होतो लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी. लस फक्त केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांवरच घ्यायची. खासगी दवाखान्यात टोचून घेतली आणि मान्यताप्राप्त केंद्राचं पिवळं पुस्तक नसलं, तर तिचा उपयोग नाही. केंद्रं ठरावीक वारीच लस देतात आणि आधी वेळ घ्यावी लागते, त्यामुळे सप्टेंबरमध्येच उरकून टाका. पुस्तकावर पासपोर्टचा क्रमांक लिहितात. पासपोर्ट नूतनीकरणाला आला असेल तर आधी तो नवा करा, मग लस. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गर्भारपण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असणं, वय साठच्या पुढे असणं, यातलं काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. ही जिवंत विषाणूची लस आहे. दुसरी जिवंत लस घ्यायची असेल तर त्याच दिवशी, नाहीतर चार आठवड्यांचं अंतर ठेवून.

व्हिसा: पेपर वाचायला जाणाऱ्याला भेटीचा व्हिसा लागतो, कामाचा नाही. फॉर्म ब्राझीलच्या परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर भरायचा. शेवटी बारकोड असलेली पावती तयार होते, ती छापून सही करून द्यायची. महाराष्ट्रातल्या अर्जदारांसाठी मुंबईचा वाणिज्य दूतावास आहे. कागदांची यादी त्यांच्या पानावरूनच घ्या, कारण ती बदलते. इतर देशांच्या नागरिकांना मिळणारा ई-व्हिसा बघून ‘आपल्यालाही मिळेल’ असं धरून बसू नका. आयोजकांच्या निमंत्रणपत्रात चार गोष्टी हव्यात: पासपोर्टवर आहे तसंच तुमचं नाव, परिषदेच्या तारखा, पेपरचं शीर्षक, आणि खर्च कोण करणार. तुम्हाला दैनंदिन भत्ता मिळणार असेल तर तो भत्ता म्हणूनच लिहायला सांगा. ‘वेतन’ असा शब्द पडला की नोकरीचा संशय येतो आणि अर्ज अडकतो. अर्ज किमान सात-आठ आठवडे आधी करा.

तिकीट: मुंबईहून साओ पाउलोला आदिस अबाबामार्गे किंवा आखातातून जाता येतं. अमेरिकेतून नुसतं विमान बदलायलाही अमेरिकी व्हिसा लागतो, म्हणून तो स्वस्त पर्याय दिसला तरी सोडा. युरोपातून जाणार असाल तर त्या देशाचा ट्रान्झिटचा नियम तिकीट काढण्याआधी वाचा. साओ पाउलोला उतरलात की सामान तिथेच उचलून, कस्टममधून बाहेर काढून, देशांतर्गत विमानासाठी पुन्हा द्यावं लागतं. मुंबईत बॅगेवर साल्वादोरचं लेबल लावलेलं असलं तरीही. इथेच लोकांची पुढची विमानं चुकतात. दोन विमानांत चार तास तरी ठेवा, आणि दोन्ही एकाच तिकिटावर काढा. घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे आहे. पहिल्याच दिवशी पेपर असेल तर किमान एक पूर्ण दिवस आधी पोहोचा.

सीपीएफ हा तिथल्या नागरिकांचा कर-क्रमांक, आपल्या पॅनसारखा. दुकानापासून रुग्णालयापर्यंत सगळीकडे विचारतात. कुणाचा तरी किंवा इंटरनेटवर सापडलेला क्रमांक टाकून पुढे जाऊ नका, पावती त्या माणसाच्या नावाने निघते. दोन मार्ग आहेत. आयोजकांना लिहा की परदेशी सहभागींसाठी पासपोर्ट क्रमांकावर नोंदणी हवी. बहुतेकांकडे वेगळी लिंक असते, फक्त ती मुख्य पानावर नसते. नाहीतर दूतावासामार्फत स्वतःचा सीपीएफ काढा, तो परदेशी माणसालाही मिळतो. ‘पिक्स’ने (आपल्या यूपीआयसारखी तिथली सोय) भरा म्हणतील, पण त्याला तिथलं बँक खाते लागतं. तुम्हाला कार्डच वापरायचं आहे, म्हणून बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करून घ्या.

अनुदानाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहितो. आयसीएसएसआर किंवा आयसीएचआर या समाजशास्त्र आणि इतिहास संशोधनाच्या सरकारी परिषदांकडे प्रवासासाठी अर्ज केला असेल तर विमानतिकीट कोणत्या एजंटकडून काढायचं याचा नियम मंजुरीपत्रात वाचा. सरकारी पैशाच्या प्रवासाला बहुधा बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी यांच्याकडूनच तिकीट लागतं. स्वतः काढलेल्या स्वस्त तिकिटाचाही परतावा नाकारला जातो. बोर्डिंग पास फेकू नका. सहभागाच्या प्रमाणपत्रावर नाव पासपोर्टप्रमाणेच आहे ना, ते हातात घेताना तिथल्या तिथे तपासा.

जुने_दप्तर:

तुमचा विषय फार मोलाचा आहे, आणि तो त्या सभागृहात नीट पोहोचला पाहिजे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी श्रोत्यांच्या डोक्यात काय आहे ते समजून घ्या. त्यांच्या लेखी ‘डायस्पोरा’ म्हणजे अटलांटिक: सुमारे सव्वा कोटी माणसं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजात कोंबली गेली, एक कोटी सात लाखांच्या आसपास जिवंत उतरली, आणि त्यांतली अंदाजे ४८ लाख एकट्या ब्राझीलमध्ये. या आकड्यांपुढे ‘आमच्याकडेही गुलामी होती’ असं म्हणून सुरुवात केलीत तर ऐकणारे सभ्यपणे मान हलवतील आणि विसरतील. आकड्यांच्या शर्यतीत उतरूच नका. शरणपूरमध्ये असं काहीतरी घडलं जे अटलांटिकच्या चौकटीत बसत नाही, ते पहिल्या दोन मिनिटांत सांगा.

ते काय, तर माझ्या मते नावं. शरणपूरला शिकलेला याओ जमातीचा एक मुलगा जेकब वेनराइट या नावाने ओळखला जातो. शोधप्रवासी मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आफ्रिकेच्या मध्यात वारला तेव्हा त्याचं शव किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत तो होता, आणि एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनाच्या वेळीही हजर होता. त्याने स्वतः लिहिलेली दैनंदिनी उपलब्ध आहे. विल्यम जोन्स, जॉर्ज डेव्हिड, इश्मेल सेम्लर हेही याच वाटेने गेले. बाप्तिस्म्याने आफ्रिकी नाव गेलं आणि इंग्रजी आलं. मग ही माणसं ज्या किनाऱ्यावर उतरली तिथे त्यांना दुसऱ्या किनाऱ्याचं नाव मिळालं: नाशकात ते ‘आफ्रिकन’, मोंबासात ‘बाँबे’. वंश आणि धर्म हे दोन शब्द एकाच माणसाच्या नावावर कसे काम करतात, याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं. पेपरचा कणा हाच ठेवा. असायलमचा इतिहास, सुतारकाम-लोहारकामाचं शिक्षण, मिशनची वाढ हे सगळं त्याच्या आधाराला आणि तेवढंच.

ब्राझीलशी जोडणारं वर्ष तुमच्याकडे तयार आहे: १८८८. त्या वर्षी १३ मे रोजी ब्राझीलने गुलामगिरी रद्द केली. त्याच वर्षी मोंबासाजवळ राबाईला, जिथे विल्यम जोन्स काम बघत होता, मिशनच्या आवारात पळून आलेल्या गुलामांचा प्रश्न पेटला. मालक त्यांना परत मागत होते. ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीने शेवटी चौदाशेच्या आसपास माणसांसाठी मालकांना भरपाई देऊन त्यांना मुक्त केलं. नाशकात वाढलेला, स्वतः गुलामीतून सुटलेला धर्मोपदेशक पळून आलेल्यांना थारा देतो, आणि हे प्रकरण मिशनलाच जड जातं. साल्वादोरच्या श्रोत्यांना ‘किलोम्बो’ म्हणजे पळालेल्या गुलामांची वस्ती हा शब्द पाठ आहे. राबाई ऐकताना ते आपोआप तुलना करतील. ‘राबाई हे किलोम्बोच होतं’ असं मात्र तुम्ही म्हणू नका. एक मिशनच्या छायेत होतं, दुसरं सत्तेच्या आवाक्याबाहेर. हा फरक तुम्ही स्वतः दाखवलात तर चर्चा चांगली रंगेल.

आणखी एक धागा, पण एकाच वाक्यात: फ्रियर टाउन ज्याच्या नावाचं आहे तो बार्टल फ्रियर १८६२ ते १८६७ मुंबईचा गव्हर्नर होता. १८७३ मध्ये तोच झांझिबारला गुलामव्यापारबंदीच्या करारासाठी गेला. शरणपूरची वसाहत उभारणारा विल्यम साल्टर प्राइस पुढच्याच वर्षी मोंबासाला वसाहत थाटायला पोहोचला. मुंबई सरकार, नाशिक आणि मोंबासा ही एकच साखळी होती हे एवढ्याने कळतं.

चुका कुठे होतात ते सांगते. सगळ्यात मोठी म्हणजे जंजिऱ्याचे सिद्दी (भारतातले आफ्रिकी वंशाचे लोक), मलिक अंबर, उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर-हल्याळकडचे सिद्दी आणि शरणपूरची मुलं हे एकाच ओळीत घालणं. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, अनेकदा विकला गेला, मुसलमान झाला, निजामशाहीचा कारभारी झाला, १६१० मध्ये त्याने खडकी वसवली आणि १६२६ मध्ये वारला. जंजिरा हे १९४८ पर्यंत टिकलेलं संस्थान. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींत हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती तिन्ही आहेत, आणि त्यांच्या इतिहासात पोर्तुगीज गोव्यातून पळालेल्यांचा मोठा वाटा आहे. शरणपूरचा गट यांपैकी कुणाचाही पूर्वज नाही आणि वंशजही नाही. श्रोत्यांत कुणीतरी नक्की विचारेल, म्हणून एक नकाशा करा: झांझिबार, एडन, मुंबई, नाशिक, मोंबासा. सिद्दींच्या वस्त्या त्यावर वेगळ्या रंगाने, तारखांसह.

दुसरी चूक मिशनच्या कागदांवर सरळ विश्वास ठेवण्याची. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या कॅडबरी संशोधन ग्रंथालयातल्या सोसायटीच्या पत्रांचा वाचक इंग्लंडमधला देणगीदार होता. ‘मूल आनंदात आहे’ हे वाक्य कुणासाठी लिहिलंय ते श्रोत्यांना सांगा. मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारातले सरकारी कागद शेजारी ठेवलेत, तर मूल जहाजावरून उतरल्यावर कुणाकडे सोपवलं गेलं हे तरी दिसतं.

वेळेचा हिशेब. इंग्रजीत वाचणार असाल आणि पोर्तुगीज दुभाषी असेल, तर मिनिटाला ११० शब्दांपेक्षा वेगाने वाचू नका. वीस मिनिटांत २२०० होतात, म्हणजे कागदावर २००० पुरेत, उरलेलं नकाशा दाखवण्यात जातं. पूर्ण मजकूर आणि विशेषनामांची यादी दुभाष्यांना दोन आठवडे आधी पाठवा. ‘शरणपूर’, ‘राबाई’, ‘याओ’ हे शब्द कानावर पहिल्यांदा पडले तर दुभाषी अडखळतो आणि पुढची तीन वाक्यं हातची जातात. स्लाइडवरचा मजकूर पोर्तुगीजमध्ये ठेवा, बोला इंग्रजीत. आठ-नऊ स्लाइड बास.

तांबडी_माळ:

तेरेइरोबद्दल. सगळ्यात महत्त्वाचं आधी: ते प्रेक्षणीय स्थळ नाही, कुणाचं तरी देवघर आहे, आणि बहुतेक वेळा घरही. भेट आयोजकांनी त्या घराच्या प्रमुखांशी ठरवलेली असेल. ती मर्यादा पाळा आणि नंतर एकट्याने परत जाऊ नका.

कपडे पांढरे किंवा फिक्या रंगाचे. काळा नको, लालही टाळा. शुक्रवार असेल तर पांढराच, तो ओशाला या देवतेचा वार. पुरुषांनी पूर्ण पँट, बायकांनी घोट्यापर्यंत स्कर्ट किंवा सैल पोशाख. आपला पांढरा सलवार-कुर्ता चालतो. अनेक घरांत स्त्रिया आणि पुरुष वेगवेगळ्या बाजूला बसतात, सांगतील तिथे बसा. हाताची घडी घालून बसू नका. बंद दाराआड डोकावू नका, देवतांच्या खोल्या दीक्षा घेतलेल्यांसाठी असतात. समारंभ ठरलेल्या वेळेपेक्षा उशिरा सुरू होतो आणि रात्री बराच वेळ चालतो, म्हणून पाणी पिऊन, थोडं खाऊन जा. प्रसादाचं जेवण वाढलं तर घ्या. काही चालत नसेल तर सुरुवातीलाच हळू आवाजात सांगा, ताटात टाकून देऊ नका.

फोटो नाही, ध्वनिमुद्रण नाही, फोन बंद. हा नुसता शिष्टाचार नाही. साल्वादोरमधल्या माय जिल्दा या तेरेइरो-प्रमुखांचा फोटो १९९९ मध्ये एका धार्मिक वृत्तपत्राने भोंदूगिरीच्या मथळ्यासोबत छापला. त्यानंतर त्यांच्यावर आणि घरावर हल्ले झाले, आणि २१ जानेवारी २००० रोजी त्या हृदयविकाराने गेल्या. २००७ च्या कायद्याने तो दिवस देशभर धार्मिक असहिष्णुतेविरोधी दिन झाला. त्याच्याही आधी, १९७६ पर्यंत बाहियात समारंभ करायला पोलिसांची नोंदणी आणि परवानगी लागायची. ज्या आजी तुमच्यासमोर बसलेल्या असतील त्यांच्या आठवणीत हे आहे. कॅमेरा म्हटलं की त्यांना काय आठवतं, ते तुमच्या परिषदेच्या विषयातच आहे.

काय बघायचं हे माहीत असलं तर नोंदी चांगल्या होतात. तीन ढोल असतात, मोठ्यापासून लहानापर्यंत रुम, रुम्पी आणि ले. रुम वाजवणारा नर्तकाला आज्ञा देतो, बाकीचे दोन ठेका धरतात. गाणी कोणत्या भाषेत आहेत ते विचारा. केतु घरात योरुबा भाषा, जेजे घरात ‘फोन’ नावाची भाषा, अंगोला घरात बांटू भाषा. या भेदाला ते ‘नासांव’ म्हणजे राष्ट्र म्हणतात, आणि तो वंशाचा नसून विधीच्या परंपरेचा असतो. परिषदेच्या विषयासाठी हा मुद्दा कळीचा आहे. गोऱ्या कातडीचा दीक्षितही केतु ‘राष्ट्राचा’ असतो.

मराठी माणसाला देव अंगात येणं बघून जेजुरी किंवा येडाई आठवणार. वहीत ‘अंगात आलं’ असंच लिहा, तो शब्द तुमच्या डोळ्यांना मदत करतो. पण बोलताना ‘आमच्याकडेही हेच आहे’ असं म्हणू नका. कांदोम्ब्लेत देव कुणाच्याही अंगात अवचित येतो असं नाही. दीक्षेने, वर्षानुवर्षांच्या शिकवणीने ते घडतं, आणि ‘ओगां’ नावाचे पदाधिकारी तर असे असतात ज्यांच्या अंगात येतच नाही. देव आलेल्या माणसाला हात लावू नका. त्याच्याजवळ मदतीला ठरलेली बाई असते, तिला ‘एकेदी’ म्हणतात.

दोन शब्द अजिबात वापरू नका: ‘माकुम्बा’, जो बाहेरच्यांनी हिणवून रूढ केला, आणि ‘वूडू’, जो इथला नाहीच. तिसरा शब्द जपून: ‘संकर’ किंवा ‘मिश्रण’. कॅथलिक संत बार्बरा म्हणजेच कांदोम्ब्लेची देवी इयान्सां असं पर्यटन-पुस्तकं सांगतात. पण जुलै १९८३ मध्ये साल्वादोरलाच ओरिशा (या देवतांच्या) परंपरेची दुसरी जागतिक परिषद भरली, आणि तेव्हा मेनिनिन्या दो गान्तोइस, स्तेला दे ओशोसी, ओल्गा दो आलाकेतु यांच्यासह पाच प्रमुख स्त्रियांनी जाहीर पत्रक काढून या मिश्रणाला नकार दिला. कॅथलिक मुखवटा ही गुलामीतली गरज होती, आता ती संपली, असं त्यांचं म्हणणं. त्याच वेळी अनेक भक्त आजही चर्चमध्ये आणि तेरेइरोत दोन्हीकडे जातात. दोन्ही खरं आहे. चर्चेत ‘सिंक्रेटिझम’ (धर्मांचं मिश्रण) हा शब्द वापरायचाच असेल तर १९८३ च्या पत्रकाचा उल्लेख करून वापरा, सभागृह लगेच तुमच्याकडे वळेल.

एक दिवस मोकळा असेल तर पेलोरिन्यो या भागातल्या जुन्या वैद्यकीय महाविद्यालयातलं आफ्रो-ब्राझिली संग्रहालय आणि उतारावरचं रोझारिओ दोस प्रेतोसचं चर्च, जे गुलाम आणि मुक्त काळ्यांच्या बंधुसंघाने स्वतःसाठी बांधलं, ही दोन बघाच. कासा ब्रांका हे जुनं तेरेइरो बाहेरून बघितलं तरी चालेल. १९८४ मध्ये राष्ट्रीय वारसा म्हणून मान्यता मिळालेलं ते पहिलं तेरेइरो.

गोदाकाठ:

खूप खूप आभार, सगळं वहीत उतरवून घेतलं. दोन प्रश्न उरले. पेपरमध्ये मूळ कागदांतले शब्द येतात: ‘काफिर’, ‘हबशी’, ‘निग्रो बॉय’. ते जसेच्या तसे वाचावेत का? आणि प्रश्नोत्तरांत जातीबद्दल विचारलं तर? मी त्या विषयाचा अभ्यासक नाही.

शब्दवेल्हाळ:

शब्दांचं आधी. ‘काफिर’, म्हणजे इंग्रजी कागदांतला ‘कॅफर’, हा दक्षिण आफ्रिकेत आज अत्यंत घाणेरडा अपशब्द आहे, त्यावर तिथे न्यायालयांत शिक्षा झाल्या आहेत. सभागृहात तिकडचे अभ्यासक असणारच. स्लाइडवर मूळ कागदाचं छायाचित्र दाखवा, तोंडाने उच्चारू नका, एवढंच म्हणा की ‘कागदात इथे एक अपशब्द आहे’. ‘हबशी’ हा फारसी-दख्खनी इतिहासातला शब्द असून त्या काळापुरता वापरता येतो. आजच्या समाजासाठी ‘सिद्दी’, कारण तो त्यांचा स्वतःचा आहे.

‘निग्रो’चं, पोर्तुगीजमध्ये ‘नेग्रो’चं, वेगळं. अमेरिकी इंग्रजीत तो शब्द टाकून दिला आहे, पण ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये काळ्या लोकांच्या चळवळीने तो अभिमानाने घेतला आहे. जनगणनेत रंगाच्या पाच वर्गवाऱ्या असतात: ब्रांका (गोरे), प्रेता (काळे), पार्दा (मिश्र वंशाचे), आमारेला (पूर्व आशियाई), इंदिजेना (आदिवासी). २०२२ मध्ये पार्दा ४५.३ टक्के, ब्रांका ४३.५, प्रेता १०.२. प्रेता आणि पार्दा मिळून जो गट होतो त्याला ‘नेग्रो’ म्हणतात. म्हणजे तुमच्या पोर्तुगीज स्लाइडवर ‘नेग्रो’ चालेल, इंग्रजी बोलण्यात नाही. भाषांतर करून देणाऱ्याला हा फरक आधी सांगा, कारण यंत्राने केलेलं भाषांतर इथेच चुकतं. ‘पार्दा’चं भाषांतर ‘ब्राउन’ करून भारतीय माणूस स्वतःला त्यात बसवू लागला की मोठा गोंधळ होतो. तो शब्द ब्राझीलच्या इतिहासातून आला आहे, आपल्या कातडीच्या छटेवरून नाही.

याच जनगणनेतली धर्माची आकडेवारी २०२५ मध्ये आली. उम्बांदा (आणखी एक आफ्रो-ब्राझिली धर्म) आणि कांदोम्ब्ले मानणारे २०१० मध्ये ०.३ टक्के होते, ते १ टक्का झाले. वाढ धर्मांतराची किती आणि आजवर लपवलेली ओळख उघड सांगण्याची किती, यावर तिथे वाद चालू आहे. कुणी हा आकडा काढला तर त्यात मत देण्याआधी ऐकून घ्या.

जातीचा प्रश्न शंभर टक्के येईल. भारतातून आलेल्या वक्त्याला वंशावरच्या परिषदेत तो विचारला जातोच, आणि २००१ च्या दर्बनच्या वंशवादविरोधी जागतिक परिषदेत भारत सरकारने जातीचा विषय चर्चेत घ्यायला केलेला विरोध तिथल्या ज्येष्ठ मंडळींना माहीत आहे. ‘जात म्हणजे वंश नव्हे, तो वेगळा विषय’ एवढंच म्हणून थांबलात तर ते टाळल्यासारखं दिसतं. अभ्यासक नसलात तरी दोन मिनिटांचं प्रामाणिक उत्तर तयार ठेवा, आणि ते तुमच्या काळातूनच द्या. शरणपूरची मुलं मोंबासाला निघायच्या सुमाराला, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. शूद्रातिशूद्रांची स्थिती आणि काळ्या गुलामांची स्थिती मराठीत अशी शेजारी ठेवली गेली, तेव्हा नाशकात प्रत्यक्ष आफ्रिकी मुलं होती. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉयस यांना पत्र लिहून अमेरिकी काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या निवेदनाची प्रत मागितली. ही तुलना करणारे विचारवंत मराठी होते, हे सांगा. आणि मग तुमच्या कागदांत आहे तेवढंच सांगा: शरणपूरच्या मिशनमध्ये या मुलांबरोबर कोणकोणत्या जातींतले ख्रिस्ती राहत होते, पंगत एक होती का, लग्नं झाली का. कागद गप्प असतील तर तसंही सांगा. तो सगळ्यात मजबूत पवित्रा आहे.

बंदरवाट:

थोडं राहिलं होतं. २० नोव्हेंबरला काळ्या जाणिवेचा दिवस असतो, पाल्मारेस किलोम्बोचा नेता झुम्बी दोस पाल्मारेस १६९५ मध्ये त्या दिवशी मारला गेला म्हणून. २०२४ पासून ती देशभर सुट्टी आहे. परिषद त्याच आठवड्यात आहे म्हणजे त्या दिवशी विद्यापीठाची कार्यालयं, बँका बंद, रस्त्यावर मिरवणुका, आणि गाड्या मिळायला वेळ. छपाई, सिमकार्ड ही कामं आधीच उरका. पेपर २१ तारखेला सकाळी असेल तर १९ लाच पेनड्राइव्हवरची फाइल सभागृहातल्या संगणकावर उघडून बघा. फाइल पीडीएफही ठेवा, देवनागरी अक्षरं तिथल्या संगणकावर फुटतात. प्लग गोल पिनांचा आणि ब्राझीलचा स्वतःचा प्रकार आहे, आपला तीन पिनांचा त्यात बसत नाही, ॲडॅप्टर इथूनच न्या. डासांचं मलम न्या, डेंगी असतो.

शाकाहारी असाल तर रस्त्यावर मिळणाऱ्या आकाराजे या पदार्थाबद्दल. सोललेल्या चवळीचं वाटण, कांदा, मीठ, आणि देन्दे म्हणजे पामच्या लाल तेलात तळलेला गोळा. ऐकायला आपल्या वड्यासारखं निर्धोक वाटतं. पण मधे भरतात त्या वातापा आणि भेंडीच्या कारुरूत सुकट वाटलेली असते, वरूनही कोळंबी घालतात. वातापात शेंगदाणे-काजूही असतात, ॲलर्जी असेल तर लक्षात ठेवा. ‘सें कामारांव’ म्हणजे कोळंबी नको असं सांगितलं तर वरची काढतील, आतली नाही. नुसता गोळा तिखट सॉसबरोबर मागा, आणि सॉसमध्ये सुकट आहे का तेही विचारा. तेल पहिल्या दिवशी जड जातं, पेपरच्या सकाळी नको. तो पदार्थ इयान्सांचा नैवेद्य आहे, विकणाऱ्या बायकांचा पांढरा पोशाख आणि माळा त्यातूनच आल्या आहेत. काही इव्हँजेलिकल ख्रिस्ती विक्रेते त्यालाच ‘येशूचा गोळा’ म्हणून विकतात आणि त्यावरून तिथे मोठा वाद आहे. तुमच्या विषयाचा एक नमुना रस्त्याच्या कडेलाच बसलेला असतो, दोन प्रश्न जरूर विचारा, पण आधी विकत घेऊन.

गोदाकाठ:

लशीची वेळ घेतली, १२ सप्टेंबरची. आयोजकांना सीपीएफबद्दल लिहिलं. पासपोर्ट क्रमांकावरच्या नोंदणीची वेगळी लिंक खरंच होती, त्यांनी लगेच पाठवली. नकाशा करायला घेतला आहे. सिद्दींच्या वस्त्यांसाठी दुसरा रंग, आणि राबाईला १८८८ ठळक. झाला की इथे टाकते, चुका दाखवा.